न दिसलेली तांबडी रेघ

आमच्या घरात टोमॅटो डोळ्यांनी निवडत नसत, बोटांनी निवडत. वाडीतून तोडून आणलेल्या मालाचा ढीग ओटीवर गोणपाटावर पडायचा, बाबा त्याच्यासमोर मांडी घालून बसायचा आणि त्याची बोटं कामाला लागायची. टोमॅटो उचलायचा, देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबायचा, कधी नाकाशी न्यायचा, की पिकलेला उजव्या टोपलीत, कच्चा डाव्या. नजर मात्र भलतीकडेच. रस्त्याने जाणाऱ्याशी गप्पा चालायच्या, बैलाला शिव्या चालायच्या, आईशी वाद चालायचा, आणि हात आपला निवडतच असायचा. वसईच्या बाजारात त्याच्या टोपलीला व्यापारी हातसुद्धा लावून बघत नसत. "ह्याची नजर म्हनजे घारीची," म्हणायचे. बाबा नुसता मिशीत हसायचा. मलाही त्याने लहानपणापासून शेजारी बसवून तसंच शिकवलं होतं. "डोळ्यावर जाऊ नको पोरी, बोटावर जा. डोळा फसवतो." त्याला हे त्याच्या मामाने शिकवलेलं. हा मामा म्हणजेच माझ्या आईचा बाप. आमच्यात मामाची मुलगी करायची पद्धत होती, त्यामुळे बाबाचा मामाच पुढे त्याचा सासरा झाला. आई म्हणायची, "माझ्या बापानं ह्यांना दोनच गोष्टी दिल्या. टमाटं दाबायची अक्कल आनि मी."

घर खाडीकाठचं, वाडीच्या कडेला. पहाटे विहिरीवरचा रहाट कुरकुरायला लागायचा, पाटाने पाणी वाडीत खळखळत जायचं, आणि त्या दोन आवाजांच्या मधूनच चुलीपाशी आईच्या भाकऱ्या थापल्याचा आवाज यायचा. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील आणि टोमॅटोचं सार, हे आमचं बारमाही जेवण. साराचा रंग म्हणे लालभडक असायचा. मी 'म्हणे' लिहिते आहे ते उगाच नाही, पण ते पुढे येईल. आज माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये माझी सून मिक्सरमधून तेच सार काढते, त्यात बीट घालते, का तर रंग छान येतो! मी काही बोलत नाही. रंगाच्या बाबतीत बोलायचा अधिकार माझ्याकडून कधीच काढून घेतला गेला आहे.

आई तापट. तोंडाने फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही. अपवाद एका लुगड्याचा. मी पोटात होते तेव्हाची गोष्ट. सातव्या महिन्यात ओटी भरायची, तर हिरवा चुडा आणि हिरवं लुगडं हवं. बाबा मोठ्या हौसेने बाजारात गेला आणि लुगडं घेऊन आला. आईने घडी उलगडली, तर लुगडं मातकट! शेणाने सारवलेल्या जमिनीच्या रंगाचं. जमलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आईने शेजारणीचं हिरवं लुगडं मागून नेसलं आणि ओटी भरून घेतली, पण ते मातकट लुगडं ट्रंकेच्या तळाशी गेलं ते गेलंच. मी ते कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. भांडण कशावरूनही सुरू होवो, मीठ कमी पडल्यावरून की बैल उशिरा सोडल्यावरून, शेवटी गाडी तिथेच यायची. "माझ्या ओटीला माती आनली ह्या मानसानं! पोर नको होतं तर सांगायचं होतं तोंडानं." यावर बाबा एवढंच म्हणायचा, "मी हिरवंच मागितलं होतं." आम्ही सगळे समजायचो, दुकानदाराने भोळ्या माणसाला फसवलं.

मी कॉलेजात गेले ती गावातली दुसरी मुलगी म्हणून. पहिली शालिनी, नाव घालायच्या रांगेत माझ्यापुढे होती म्हणून. ती आमच्या वाडीपलीकडच्या घरातली, नात्याने लांबची चुलत बहीण, आणि वर्गात माझीच जोडीदार. तिची आई नमाकाकी. तिच्या कानावर गेलेली गोष्ट दिवेलागणीपर्यंत खाडीच्या पलीकडेही पोचलेली असायची. आम्ही दोघी एसटीने जायचो, डब्यात एकच भाजी निघाली तर अदलाबदल करायचो, आणि आमचं दोघींचं भौतिकशास्त्रावर प्रेम होतं. शालिनीचं गुणांसाठी, माझं परेरा सरांसाठी. गैरसमज नको, सर पन्नाशीचे होते, टक्कल पडलेलं, रविवारी चर्चमध्ये गाणारे. पण शिकवायला लागले की फळ्यावरचं सगळं खरं वाटायचं.

हायड्रोजनचा अणू त्यांनी आम्हाला शिडीवर चढवून शिकवला. म्हणाले, "मधे एक केंद्र, भोवती एकच इलेक्ट्रॉन. बिचाऱ्याला राहायला ठरावीक पायऱ्या. पहिली, दुसरी, तिसरी. दोन पायऱ्यांच्या मधे लोंबकळायची त्याला परवानगी नाही. नळीत हायड्रोजन भरून वीज सोडली की तो वरच्या पायरीवर जातो, पण तिथे टिकत नाही, उतरतो. आणि उतरताना जितकी उंची सुटली तितकी ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर टाकतो. तिसरीवरून दुसरीवर आला की तांबडा. चौथीवरून दुसरीवर, निळा-हिरवा. पाचवीवरून दुसरीवर, जांभळा. मधले रंग नाहीतच, कारण मधल्या पायऱ्या नाहीत. म्हणून तुम्हाला इंद्रधनुष्य दिसणार नाही, सुट्या रेघा दिसतील आणि मधे काळोख." मग खडूने फळ्यावर टकटक करून म्हणाले, "सूर्यात बघा, दूरच्या ताऱ्यात बघा, नाहीतर आपल्या लॅबमधल्या नळीत. ह्याच रेघा. हायड्रोजन कधी खोटं बोलत नाही."

हे शेवटचं वाक्य पुढे माझ्या घराच्या उंबऱ्यात येऊन उभं राहणार आहे, हे मला तेव्हा कुठे ठाऊक!

प्रात्यक्षिकाच्या दिवशी खोलीला काळे पडदे लावले होते. ट्रान्सफॉर्मरचा गुंगुं आवाज, गरम झालेल्या वायरींचा वास, आणि टेबलाच्या टोकाला उभी बारीक काचेची नळी, मधोमध चमकणारी. स्पेक्ट्रोमीटर म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे करणारं यंत्र; त्याची दुर्बीण फिरवायची, रेघ मधोमध आणायची, कोन वाचायचा. आधी शालिनी बसली. "तांबडी," ती म्हणाली, आकडा सांगितला, मी लिहून घेतला. "निळी-हिरवी." लिहिलं. "जांभळी." लिहिलं. मग मी बसले. एक फिकट निळी रेघ मिळाली, एक गडद निळी मिळाली. तिसरी काही केल्या मिळेना. दुर्बीण इकडे नेली, तिकडे नेली, डोळा चोळला, दुसरा डोळा लावला.

"सर, ह्यातली तांबडी गेली," मी म्हणाले.

सर आले, वाकले. "गेली कुठे? समोर तर आहे. सगळ्यात ठळक तीच." त्यांनी दुर्बीण त्या रेघेवर नेऊन स्क्रू आवळला. "आता बघ. दुर्बीण हलवू नकोस."

मी डोळा लावला. काळोख. नुसता काळोख. विहिरीत वाकून बघावं आणि विहिरीत पाणीच नसावं, तसं झालं.

"सर, काहीच नाही."

मुलं हसली. शालिनीने मला ढकलून स्वतः पाहिलं. "अगं, आहे की! कुंकवासारखी लाल! आंधळी आहेस का?" ती गमतीने म्हणाली, पण सर हसले नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "ही नळी तुला कोणत्या रंगाची दिसते?"

"निळसर, सर."

नळी गुलाबी होती. सगळ्यांना गुलाबी दिसत होती. एवढी वर्षं मी 'लाल' म्हणत होते, जास्वंदीला लाल, कुंकवाला लाल, टोमॅटोला लाल, कारण सगळे म्हणत होते! शाळेत चित्रकलेच्या बाईंनी माझी जास्वंद तपकिरी रंगवलेली बघून कान पिरगळला होता, तेव्हासुद्धा मला वाटलं होतं की खडू चुकीचा उचलला असेल. मला काही दिसत नाही हेच मला कधी दिसलं नव्हतं.

सरांनी प्राणिशास्त्राच्या एका तरुण सरांना बोलावलं. ते ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांचं एक पुस्तक घेऊन आले. व्हरांड्यातल्या उजेडात उभं करून त्यांनी पानं उलटली, मी आकडे सांगत गेले, आणि ते मान हलवत गेले. रंगांधळेपणा, ते म्हणाले. तांबडा दिसत नाही. त्यांना मोठा आनंद झालेला दिसला. पुस्तकातली गोष्ट हाडामांसाची समोर उभी होती ना! "मुलींमध्ये फार दुर्मीळ," ते म्हणाले. "वडील रंगांधळे असणार तुझे."

"नाही सर. माझे बाबा टोमॅटो निवडतात."

"नीट निवडतात?"

"घारीची नजर आहे त्यांची. अख्खा बाजार म्हणतो."

"मग असं होणार नाही," ते आपल्याच नादात म्हणाले. "मुलीत हे यायचं तर आईकडूनही यावं लागतं आणि वडिलांकडूनही. वडिलांमध्ये असलंच पाहिजे. वडिलांना तांबडं दिसतंय आणि मुलीला दिसत नाही, याचा अर्थ..."

आणि ते थांबले. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. परेरा सर जरा मोठ्यानेच म्हणाले, "पुरे हो आता!" पण मी काही बावळट नव्हते. अर्थ माझ्यापर्यंत पोचला. माझ्या मागे वही छातीशी धरून शालिनी उभी होती. तिच्यापर्यंतही पोचला.

एसटीत ती माझ्याकडे पाठ करून खिडकीतून बघत राहिली. मला तिचा राग आला नाही, मला कशाचंच काही वाटत नव्हतं. डोक्यात नुसता ट्रान्सफॉर्मरचा गुंगुं आवाज. घरी आले तर बाबा ओटीवर निवडायला बसलेला. मी दप्तर टाकलं, त्याच्यासमोर बसले, आणि मुद्दाम दोन्ही टोपल्या त्याच्यासमोर एकत्र ओतल्या.

"अगं ए, काय येडबीड लागलं काय?" बाबा ओरडला.

"परत निवड," मी म्हणाले. "मला बघायचंय."

तो हसला. पोरीचं खूळ म्हणून परत निवडायला लागला. दाबला, उजवीकडे. दाबला, डावीकडे. एकीकडे मला सांगत होता, बैलाच्या खांद्याला जखम झाली आहे, हळद लावायला हवी. मी एकेक टोमॅटो त्याच्या पाठोपाठ उचलून बघत होते. एक चुकेल, एक तरी चुकेल म्हणून देवाचा धावा करत होते. एकही चुकला नाही. उजवीकडचे सगळे पिकलेले, डावीकडचे सगळे कच्चे. माझा बाप टोमॅटो निवडण्यात चुकावा म्हणून मी रडकुंडीला आले होते, आणि तो बिचारा पोरीला आपली करामत दाखवत होता. त्या संध्याकाळी सार तसंच ताटात राहिलं. मी त्याच्या कपाळाकडे बघत होते, कानांकडे बघत होते, आणि माझं नाक त्याच्यासारखं आहे की नाही हे मला आठवेना. आरशापाशी जायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गावच्या विहिरीवरून आली ती रिकामी घागर घेऊन. घागर तिने अंगणात आपटली. बाबा गोठ्यातून धावत आला.

"काय शिकवतात तुझ्या कॉलेजात?" ती माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "नमा सगळ्या बायकांदेखत काय बोलली ठाऊक हाय? तुझा बाप कोन ते कॉलेजच्या नळीत दिसलं म्हने! बोल! काय दिसलं?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. नळी, रेघा, काळोख, ठिपक्यांचं पुस्तक, आणि ते गिळलेलं वाक्य. आता आई मला झोडपणार अशीच माझी खात्री होती. पण ती खाली बसली. आपटलेली घागर ओढून उभी केली. मग म्हणाली, "परत सांग. तुझ्यात हाय, तर बापात असलंच पायजे?"

"हो."

"नक्की? तो मास्तर छातीठोक बोलला?"

"हो गं आई."

"मग ह्यांच्यात असनारच," आई म्हणाली आणि उठून उभी राहिली. "मला दुसरा मानूस ठाऊक नाय. तुझे सर खरे बोलत असतील तर ह्यांना ती तांबडी दिसनार नाय. चला."

मी तोंडाचा आ वासून बघत राहिले. एवढ्या शिकलेल्या माणसांमध्ये कोणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं. सगळ्यांनी बाबाच्या नजरेवर भरवसा ठेवला होता, आईच्या शब्दावर कोणीच नाही, मीसुद्धा नाही.

बाबा मात्र जागचा हलेना. गोठ्याच्या खांबाला टेकून उभा. "मला कशाला जायला पायजे? पोरगी माझी हाय. मला कोनाची नळी बघायची नाय."

"तुम्हाला नको असंल. मला पायजे."

"आनि मला दिसली तर?" बाबाचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. "मला सगळं दिसतं गं. लाल दिसतं, हिरवं दिसतं. मग काय करशील?" मग तोच पुन्हा पुढे आला, तिच्याजवळ जाऊन म्हणाला, "हे बघ. जाऊ आपन. दिसली तरी मी बोलीन, नाय दिसत. कोनाला काय कळनार हाय?"

मी आज आजी आहे, नवरा चांगला मिळाला, सुखाचा संसार केला. पण प्रेमाचं याहून मोठं वाक्य मी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. आणि आईने त्याला काय उत्तर द्यावं!

"खबरदार खोटं बोललात तर!" ती कडाडली. "माझ्यासाठी खोटं बोलायची पाळी तुमच्यावर आली तर मी जगायची नाय. दिसलं तर दिसलं म्हना, नाय दिसलं तर नाय म्हना. पन खरं बोला." मग कुंपणाकडे वळून गावभर ऐकू जाईल असं ओरडली, "नमे! ए नमे! पदर खोच आनि चल! स्वतःच्या डोळ्यानं बघ!"

अशी आमची वरात एसटीतून निघाली. बाबाने लग्नातला कोट घातला होता. आई पुढच्या सीटवर ताठ. मागे नमाकाकी आणि शालिनी, दोघी चोरट्यांसारख्या. कंडक्टरने विचारलं, "काय, लग्न हाय का कुठं?"

परेरा सरांनी कोटातला शेतकरी, दोन नऊवारीतल्या बायका आणि रडून डोळे सुजलेली मी एवढं पाहिलं आणि काही न विचारता पडदे लावले. फक्त म्हणाले, "कोणी कोणाला काही सांगायचं नाही. बघायचं आणि दिसेल ते बोलायचं." नळी पेटली. आधी आईच बसली. दुर्बिणीला डोळा लावला आणि दचकून मागे आली. "बाई गं! केवढी लाल!" मग नमाकाकी. तिने बघितलं आणि मान खाली घालून म्हणाली, "हाय. लाल हाय." आता बाबा. त्याने आधी देवाला करतात तसा त्या दुर्बिणीला नमस्कार केला. बसला. कपाळावर घाम, हात गुडघ्यांवर घट्ट दाबलेले, जणू तेच बोलून जातील. सरांनी त्याला दुर्बीण फिरवून पहिली रेघ दाखवली. "निळी," बाबा म्हणाला. दुसरी. "ही पन निळी. जरा गडद." मग सरांनी दुर्बीण सरकवली, स्वतः वाकून खात्री केली, स्क्रू आवळला. ट्रान्सफॉर्मर गुंगुं करत होता.

बाबाने डोळा लावला. लावूनच राहिला. मग डोळा काढला, दुर्बिणीचं पुढचं टोक बोटांनी चाचपलं आणि भाबडेपणाने विचारलं, "सर, तुम्ही झाकन लावलंत का?"

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं आणि मी भिंतीला टेकून खाली बसले. सर म्हणाले, "झाकण नाही. पुन्हा बघा." बाबाने पुन्हा पाहिलं, दुसरा डोळा लावून पाहिलं. "काळोख हाय सर. काय नाय दिसत." मग घाबरून आईकडे वळला. "खरं बोलतोय गं. शपथ खरं. काय नाय तिथं."

आई हमसाहमशी रडली, पदराचा बोळा तोंडात कोंबून. नमाकाकी पुढे होऊन तिचे पाय धरायला वाकली, तर आईने तिला खांद्याला धरून उभं केलं, आणि एवढंच म्हणाली, "विहिरीवर सांग आता. मोठ्यानं सांग." सरांनी पडदे उघडले. उजेडात बाबा अजून स्टुलावरच बसला होता, भांबावलेला. सरांनी त्याला समजावून सांगितलं, तसा त्याचा चेहरा आणखीच भांबावला.

"म्हनजे तुम्हाला सगळ्यांना," तो एकेकाकडे बघत म्हणाला, "पिकलेलं टमाटं झाडावर लांबूनच दिसतं?"

"दिसतं," सर म्हणाले.

"हात न लावता?"

"हात न लावता."

"आनि मी जन्मभर दाबत बसलो!" बाबा म्हणाला. मग थोडं थांबून, "मामासुद्धा दाबायचा की."

परेरा सर खुर्चीत मागे रेलले. त्यांनी मामा कोण ते विचारलं. मामा म्हणजे आईचा बाप हे कळल्यावर त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःशीच हसले. बापाकडून आणि आईकडून, दोन्हीकडून; आईला स्वतःला तांबडं दिसत होतं, पण तिच्या बापाचा दोष तिच्यातून माझ्यापर्यंत आला होता. त्या घराण्यात टोमॅटो बोटाने का निवडतात, हे त्या दिवशी भौतिकशास्त्राच्या खोलीत उलगडलं. मामाला दिसत नव्हतं, त्याने बोटाची युक्ती काढली, ती भाच्याला दिली, भाच्याने मला दिली. आणि तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं की आपण कसली उणीव भरून काढतो आहोत! अजूनही हे आठवलं की अंगावर काटा येतो. माणिकपूरच्या सिग्नलपाशी मी वरचा दिवा लागला की खालचा ते बघून रस्ता ओलांडते, आणि दर वेळी मनातल्या मनात त्या तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर उतरणाऱ्या इलेक्ट्रॉनला हात जोडते. त्याची ती उडी आम्हाला दोघांनाही दिसली नाही, म्हणून मी माझ्या बापाची राहिले.

परतीच्या एसटीत आई खिडकीशी बसली होती. बऱ्याच वेळाने तिने बाबाला विचारलं, "ते ओटीचं लुगडं... तुम्हाला खरंच कसं दिसलं होतं हो?"

"हिरवं," बाबा म्हणाला. "हिरवंगार. दुकानातलं सगळ्यात चांगलं."



त्या आठवड्यात गावात कोणाकडे तरी ओटी भरायची होती. मी आणि बाबा ओटीवर निवडायला बसलो होतो. आतून ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला, डांबरगोळ्यांचा वास आला, आणि आई दारात येऊन उभी राहिली. नवंकोरं लुगडं नेसलेली, वर्षानुवर्षांच्या घड्या अजून उठून दिसत होत्या. बाबाच्या हातातला टोमॅटो हातातच राहिला.

"हिरवं किती खुलतं गं तुला," तो म्हणाला.

आईने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुला कसं दिसतंय?"

मी नीट पाहिलं. अगदी डोळे ताणून पाहिलं. "हिरवं," मी म्हणाले. "खरंच हिरवं आहे आई."

"मग हिरवंच," आई म्हणाली, आणि डोक्यावर पदर घेऊन ओटी भरायला निघून गेली.